निसरपूरच्या पाण्यावर

पौषाची थंडी पडू लागली की आमच्या घरातील दुर्बीण फडताळातून खाली उतरते आणि रविवारी सकाळी चहा होण्यापूर्वीच आम्ही सिरपूर तलावाच्या बांधावर हजर असतो. हा परिपाठ वाचकांच्या परिचयाचा आहे. किंबहुना काहींना त्याचा कंटाळाही आला असावा. देवासच्या एका भगिनींनी लिहिलेच आहे की, "सिरपूर सोडून जगात अन्यत्र पाखरे नाहीत काय?" आरोप खोटा नाही. होळकरांच्या अमदानीतला हा तलाव एके काळी गाळाने आणि अतिक्रमणाने मरावयास टेकला होता. पद्मश्री भालू मोंढे व त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे खपून तो जगविला, आणि 2022 साली त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. घराजवळ असे वैभव असता दूर जावेसे वाटत नाही, हे खरे.

तथापि यंदा आम्ही दूर गेलो. इंदुराहून पहाटे निघालो, धार मागे टाकली, विंध्याचा घाट उतरून निमाडात आलो आणि मनावरमार्गे कुक्षी गाठली. घाट उतरताच थंडी निम्मी होते आणि कानटोपी काढावी लागते, हा निमाडाचा पहिला नमस्कार. कुक्षीचा हा परगणा पूर्वी धारच्या पवारांचा. आमच्या जुन्या धारकर स्नेह्यांच्या बोलण्यात कुक्षी-निसरपूरचा कापूस आणि मिरची नेहमी असे. आम्हीही पंचवीसएक वर्षांपूर्वी निसरपूरच्या आठवडी बाजारातून मिरचीचे पोते आणले होते. त्या बाजाराची जागा पाहावयाची, हाही एक हेतू मनात होता.

ती जागा आता पाण्याखाली आहे. सरदार सरोवराचे धरण गुजरातेत. परंतु त्याचा फुगवटा नर्मदेच्या खोऱ्यात सुमारे 214 किलोमीटर मागे पसरतो. 1961 साली पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली, 1979 साली लवादाचा निवाडा झाला, 2017 साली दरवाजे बंद झाले आणि 2019 च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीस पोचले. त्या पावसाळ्यात निसरपूर बुडाले. माणसे वरच्या अंगाच्या पुनर्वास वसाहतीत गेली. गाव तेथेच राहिले.

आमचे यजमान त्याच गावचे एक वृद्ध शेतकरी. निमाडात अशा वडीलधाऱ्यास 'दाजी' म्हणतात. (आपल्याकडचे दाजी निराळे, आमच्या भाच्याला हे समजावून द्यावे लागले, कारण तो त्यांच्यापुढे उगाच लाजत होता.) दाजींनी हातात काठी घेतली आणि म्हणाले, "चला, गाव दाखवतो."

काठावर पोचलो तेव्हा सूर्य कासराभर वर आला होता. जलाशयाचे पाणी पावसाळ्यानंतर वापराप्रमाणे उतरत जाते आणि काठाला ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. हा पट्टाच पाखरांचे पंक्तीचे पान. शेकाट्या आपल्या लाल काटक्यांच्या पायांवर तोल सावरीत चोच बुडवीत होते; तुतारी शेपूट हलवीत धावत होती; परीट पक्ष्यांची तर जत्राच होती. उथळ पाण्यात थापट्या बदके पसरट चोचीने पाणी गाळीत गोल फिरत होती. ही उत्तर आशियातून हिमालय ओलांडून येणारी पाहुणी मंडळी. त्यांच्याजवळच आपले घरचे हळदीकुंकू बदक. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका. हे नाव ज्या कोणी प्रथम उच्चारले त्याच्या दृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडे. आमच्या सौभाग्यवतींना पक्ष्यांचे वेड बेताचेच, परंतु या बदकासाठी त्यांनी दुर्बीण आमच्या हातून काढून घेतली ती बराच वेळ परत दिली नाही. मराठीतील अशी नावे कोळी, पारधी, गोंड यांच्या तोंडून ऐकून टिपून ठेवणारे मारुती चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. त्यांचा 'पक्षिकोश' आमच्या पिशवीत होता.

आत, खोल पाण्यात, वाळलेली झाडे उभी होती. बुडाल्यावर उभ्या उभ्याच मेलेली. त्यांच्या फांद्याफांद्यांवर पाणकावळे पंख पसरून उन्हे खात होते. पंख पूर्ण जलरोधक नसल्याने बुडी मारल्यावर त्यांना ते असे वाळवावे लागतात. भाचा हौसेने मोजू लागला. जानेवारीत पाणपक्ष्यांची जी गणना आशियाभर होते (आपल्या उपखंडात ती 1987 पासून चालू आहे), तिच्या शिस्तीने पक्षी, संख्या व जागा असे तीन रकाने त्याने वहीत आखले होते.

"मामा, जागा काय लिहू? डावीकडचे तिसरे झाड?"

दाजींनी आम्हांस उत्तर देऊ दिले नाही. "तो पटेलांच्या अंगणातला निंब," ते म्हणाले. "त्याच्या पलीकडची चिंच पाणवठ्यावरची. आणि तो बगळा बसला आहे ना, ती आमच्या गल्लीच्या तोंडची भिंत."

त्यानंतर भाच्याने प्रत्येक पाखरासाठी त्यांनाच विचारले. राखी बगळा, एक: गल्लीच्या तोंडाशी. खंड्या, दोन: सोनाराच्या घराची वळचण. वारकरी, साठापर्यंत: बाजार. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा लावलेले ते पक्षी, जेथे आम्ही मिरचीचा भाव केला होता बहुधा तेथेच, मेळ्याने तरंगत होते. दाजींना पक्ष्यांची नावे येत नव्हती आणि आम्हांला गावाची. दोघांचे मिळून एक पान भरले.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. अशा जागेची छायाचित्रे 'रम्य जलाशय' या मथळ्याखाली छापलेली आम्ही पाहतो तेव्हा अंगावर काटा येतो. आणि केवळ माणसांच्या बाजूनेच नव्हे, पाखरांच्या बाजूनेही हिशेब एवढा सोपा नाही. येथे पातळी वर्षातून कित्येक मीटर वरखाली होते, म्हणून काठावर कमळे-शिंगाडे यांचे मूळ धरत नाही. सिरपूरला हमखास दिसणारा कमळपक्षी आम्हांस येथे एकही दिसला नाही. नदीसुरय हा नर्मदेचा खरा रहिवासी. तो उन्हाळ्याच्या तोंडी नदीपात्रातील उघड्या वाळूवर अंडी घालतो. वाळवंट पाण्याखाली गेले की त्याने कोठे जावे? बदके चार महिन्यांची पाहुणी; त्यांना नवे घर मिळाले. सुरयाचे जुने गेले. 1938 च्या सुमारास सालिम अली मध्य भारतातील संस्थानांची पक्षिगणती करीत हिंडले, तेव्हा येथे तलाव नव्हता, नुसती वाहती नदी होती, हे विसरून 'पक्षी वाढले' असे म्हणणे बरोबर नव्हे.

भाचा तरुण आहे. तो सहज म्हणून गेला, "येथे अभयारण्य केले तर?" सौभाग्यवतींनी त्याला डोळ्यांनी दटावले. धार जिल्ह्यातच सरदारपूरला तणमोरासाठी 1983 साली अभयारण्य झाले आणि त्यासंबंधी आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनीच्या कटकटी किती वर्षे चालल्या, हे आम्हांस ठाऊक होते. दाजी रागावतील असे वाटले. परंतु ते पाण्याकडे पाहत राहिले.

"पाखरे येतात ते बरे आहे," ते थोड्या वेळाने म्हणाले. "पहिल्या वर्षी काहीच नव्हते. रात्री कुत्रीसुद्धा नाहीत. आता आवाज तरी असतो."

परतावयाच्या सुमारास दूर भगव्या रंगाची एक रांग दिसली. चक्रवाक! लडाख-तिबेटाकडे घरटी करणारा, संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहाचे दुःख ज्याच्या माथी मारले तोच. निमाडात चकवा-चकवी. भाच्याने दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा अकराच भरले. जोडीने राहणारे पाखरू विषम संख्येत असू नये असे काही नाही. पण दाजींना ते पटेना. दुर्बीण त्यांनी नाकारली. डोळ्यांवर हाताची झापड धरून ते म्हणाले, "शाळेच्या भिंतीआड पाहा. तेथे पोरे नेहमी लपत."

बारावा तेथेच होता. भाच्याने वहीत लिहिले: चक्रवाक, 12, शाळेचे पटांगण.