जगायला गेलेल्यांची परतवाट

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या आदिवासी वाड्यापाड्यांत कामासाठी गाव सोडण्याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. भात झोडून झाले, दिवाळी सरली की कातकरी आणि ठाकूर कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात डोळे घराकडे लागतात ते शिमग्याला. शिवाय ज्याचे थोडेफार शेत आहे, त्याला राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन पालापाचोळा जाळून तयार करायला, वेळेत पोहोचायचे असते. कामानिमित्त बाहेर गेलेल्या कोणालाही घराची ओढ असतेच. पण नोकरदाराला परतीची तारीख माहीत असते, भट्टीवरच्या कुटुंबाची तारीख मालकाच्या वहीत असते. स्थलांतराची चर्चा आपण मजुरी, शाळा, कुपोषण यांभोवती करतो आणि ती करायलाच हवी. माझ्या मते मात्र काम मोकळे आहे की वेठीचे, हे ओळखण्याची पहिली खूण निराळी आहे: त्या माणसाला घरी जावेसे वाटले तर जाता येते का?

या वहीचे गणित पावसाळ्यातच सुरू होते. श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य संपते, हाताला काम नसते, तेव्हा भट्टीमालकाकडून बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, घेतला जातो. पुढे हजार विटांमागे दर, आठवड्याला जेवणापुरती खावटी आणि खरा हिशोब थेट हंगाम संपताना. बयाणा, खावटी, अवकाळी पावसात विरघळलेल्या विटा असे सगळे वजा झाल्यावर काही उरले तर हातात पडते. नाहीतर उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या कामावर चढते. मग सणाला जायचे, बाळंतपणाला जायचे, गावी म्हातारी आजारी आहे म्हणून जायचे, तरी परवानगी मागावी लागते. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने नेमके हेच पकडले आहे. उचलीपोटी देशात मोकळेपणाने कोठेही जाण्याचा हक्क गमवावा लागणे, हेसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत वेठबिगारीच आहे आणि अशी उचल फेडण्याचे बंधनच कायद्याने रद्द केले आहे. मारहाण आणि कोंडून ठेवणे एवढ्यालाच वेठबिगारी समजणारे अधिकारी कायद्याची ही ओळ वाचत नाहीत. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी 1982 मध्ये उभारलेल्या श्रमजीवी संघटनेची सुरुवातच ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारांच्या सुटकेपासून झाली, हे इथे विसरता येत नाही.

भट्टीमालकांचे म्हणणे असे, की उचल घेऊन माणसे निघून गेली तर आमचे पैसे बुडतात. ही भीती खोटी नाही. पण दर पंधरवड्याला लेखी हिशोब करून मजुरी चुकती केली, तर अंगावर मोठी बाकी साचणारच नाही आणि निघून जाण्याचे कारणही उरणार नाही. दुसरा आक्षेप असा, की लोक स्वतःच बयाणा मागतात. मागतात, कारण त्या महिन्यांत दुसरे कोणी रोख देत नाही. सरकारला हे ठाऊक आहे, म्हणून तर पावसाळ्यासाठी आदिवासींना खावटी कर्ज देण्याची योजना निघाली होती. करोनाच्या काळात, 2020 मध्ये, कुटुंबामागे 4,000 रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले, त्यातले निम्मे वस्तूंच्या रूपात. उपाय माहीत होता, तो दरवर्षीचा मात्र झाला नाही. रोजगार हमी आहे ना, असेही विचारले जाते. महाराष्ट्राने 1977 मध्ये तिचा कायदा केला, याचा मला अभिमान आहे. तरी हमीची कामे मुख्यतः उन्हाळ्यातली, मजुरी उशिराची, आणि भूक श्रावणातली. त्यातच 1979 च्या स्थलांतरित कामगार कायद्याने राज्याची हद्द ओलांडणाऱ्यालाच मोजले. मुरबाडहून भिवंडीला जाणारा तर जिल्ह्याचीही हद्द ओलांडत नाही.

1976 च्याच कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या बंधनकारक केल्या आहेत. भिवंडी आणि कल्याणच्या समित्यांनी यंदा होळीच्या आधीच्या आठवड्यात भट्ट्यांवर जावे, वही उघडून पाहावी आणि ज्यांना घरी जायचे आहे, त्यांचा हिशोब तिथेच चुकता करून त्यांना शिमग्याला पाठवावे.