जठराचा कर्करोग आणि ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ औषधे

लोहारा परिसरातील आम्हां वैद्यांकडे व औषधविक्रेत्यांकडे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही मागणी नित्याची आहे. परंतु जठराच्या कर्करोगात प्रश्न केवळ बलवृद्धीचा नसतो. टी-पेशी अर्बुदपेशींचा नाश करतात. तथापि अर्बुद अनेकदा पीडी-एल १ या प्रथिनाद्वारे त्यांनाच निष्क्रिय करते व भक्षकपेशींना स्वतःच्या पोषणास जुंपते. हा प्रतिबंध दूर करणाऱ्या उपचारांच्या मूलभूत संशोधनास २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले. म्हणून केवळ रसायनकल्प देऊन निश्चिंत राहणे आम्हांस अनुचित वाटते. जुनाट अम्लपित्तासोबत वजन घटणे, काळा मल वा रक्तवमन आढळल्यास प्रथम दुर्बिणीची तपासणी सुचवावी. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आपल्या आवाक्यात आहे. निदानातील विलंब मात्र रुग्णास परवडणारा नाही.