आटे जुळले की पेन जमलं!

आठवडाभर की-बोर्ड बडवलात? मग या वीकेंडला पेन बनवा. तेही शाईचं, स्वतःच्या हातानं!

लागतं काय? छोटं लेथ मशीन, ड्रिल, टॅप-डाय, डोळ्यांवर गॉगल आणि एबोनाइटची कांडी. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापताना वास येतो, म्हणून बाल्कनी बेस्ट. निब मात्र तयारच आणा, बहुतेक हौशी मंडळी तेच करतात.

कांडीला बाहेरून आकार देणं त्या मानानं सोपं. खरी परीक्षा आट्यांची! बाटलीच्या बुचाला असतात ना, तसेच आटे टोपणाला, नळीला आणि निबच्या भागाला पाडायचे. आयड्रॉपर पेनात शाई थेट नळीत भरतात. तिथले आटे जरा सैल पडले, तर शर्टाच्या खिशावर निळा नकाशा नक्की! म्हणून आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावतात. शेवटी ओल्या वॉटर पेपरनं घासायचं, आधी जाड, मग बारीक. चकाकी हळूहळूच येते, बॉस.

हे वेड जुनंच आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून स्वदेशी पेन करायला घेतलं. 1935मध्ये त्यांचं पेन मिळाल्यावर गांधीजींनी पत्र लिहून आभार मानले.

एक लक्षात ठेवा : लेथवर 'अनडू'चं बटण नसतं. जास्त कापलं की कांडी गेली. पण पुढच्या वेळी कुठे थांबायचं, ते हाताला कळलेलं असतं. म्हणून कांड्या दोन आणा!