आधी पडद्यावर, मग यंत्रावर

"खाला, तो जुना सीपीयू भंगारवाल्याला देऊ नका. मला हवाय."

भाची शिक्षणासाठी आमच्याकडे नागपुरात राहते. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, विषय कॉम्प्युटर. प्रोजेक्ट म्हणून तिनं स्वतःची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर त्याचा ताबा घेऊन बाकीच्या प्रोग्रॅमना कामाला लावणारा हा मूळ प्रोग्रॅम.

हे सगळं तिनं जुन्या लॅपटॉपवर 'क्यूएमू'त केलं होतं. फाब्रिस बेलार यांचा हा प्रोग्रॅम 2003 पासून फुकट मिळतो. तो खऱ्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा करतो. चूक झाली तर खिडकी बंद करून पुन्हा उघडायची, नुकसान काही नाही. खोटं यंत्र मध्येच थांबवून त्याच्या मेमरीत काय चाललंय तेही बघता येतं. शिकणाऱ्याला आणखी काय हवं!

व्हायवाला आठ दिवस होते. तिनं पेनड्राइव्ह आमच्या जुन्या सीपीयूला लावला. पडदा काळा झाला आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. पोरीचे डोळे भरून आले. मैत्रीण म्हणाली, "लॅपटॉपवर चालतंय ना? तेच दाखव आणि मोकळी हो."

मला त्यातलं काही कळत नाही. मी एवढंच विचारलं, "बेटा, दोन्ही यंत्रांत फरक काय?"

फरक शोधायला तीन दिवस लागले. खऱ्या यंत्राच्या आत डोकावता येत नाही. म्हणून तिनं प्रोग्रॅमच्या एकेका टप्प्यावर एक अक्षर छापून यंत्र तिथंच थांबवायला सुरुवात केली. ए आलं, बी आलं, सी आलं. डी काही येईना. चूक तिथंच होती. एक आकडा शून्यापासून सुरू होईल असं तिनं गृहीत धरलं होतं, पण शून्य लिहायचंच राहिलं होतं. क्यूएमू मेमरी शून्यांनी भरून देतो. खऱ्या मेमरीत सुरुवातीला काहीही असू शकतं.

ते मला लगेच समजलं. वर्गात आपण मुलाला पुसलेली पाटी देतो. बाहेरच्या जगात पाटीवर आधीच्याचा खडू तसाच असतो.

असं मोठ्यांचंही होतं. 1975 मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी 'अल्टेअर' कॉम्प्युटरसाठी बेसिक भाषा लिहिली, ती अल्टेअर न पाहता. ॲलन यांनी हार्वर्डच्या मोठ्या कॉम्प्युटरवर अल्टेअरच्या प्रोसेसरची नक्कल तयार केली होती. खऱ्या यंत्रावर दाखवायला निघाले, तेव्हा विमानात लक्षात आलं की बेसिक मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिलेलाच नाही! नकलीला त्याची गरजच पडली नव्हती. तो त्यांनी विमानातच लिहिला आणि अल्टेअरनं दोन अधिक दोनचं उत्तर चार दिलं.

म्हणजे नक्कल वाईट का? मुळीच नाही. आयआयटी मुंबईचा 'अजित' प्रोसेसर मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबमध्ये तयार झाला. चिप एकदा बनली की तिच्यातली चूक खोडता येत नाही. म्हणून चिप बनवणारे आधी महिनोन् महिने नकलीवरच तपासतात.

आई-वडिलांनो, मुलीला हे शिकायचं असेल तर महागडं यंत्र नाही म्हणून थांबवू नका. जुना लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. पण घरातला बंद पडत आलेला सीपीयू एवढ्यात भंगारात टाकू नका. मुलांनी आपलं काम एकदा तरी खऱ्या यंत्रावर चालवून बघावं.

व्हायवाच्या दिवशी आम्ही तो सीपीयू स्कूटीवर पायाशी ठेवून कॉलेजात नेला. परीक्षकांनी विचारलं, "हे कशाला आणलं?" भाचीनं आधी आपली चूक सांगितली आणि मग बटण दाबलं.