दिपवणारे आणि धीर देणारे

गिटार हे वाद्य आता मरणपंथाला लागले, अशी हाकाटी २०१७ साली अमेरिकेत सुरू झाली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्या वर्षीच्या जूनमध्ये एक मोठा लेख छापला. विजेवर वाजणाऱ्या गिटारींचा खप दहा वर्षांत वर्षाला सुमारे १५ लाखांवरून जेमतेम १० लाखांवर उतरला, असे त्यात दाखवले होते. पुढच्या वर्षी, १ मे २०१८ रोजी, गिब्सन या शंभरी ओलांडलेल्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तर पुष्कळांनी या वाद्याच्या नावाने पाणी सोडले.

असे का व्हावे? नॅशव्हिलचे जुने गिटार-व्यापारी जॉर्ज ग्रून यांनी त्या लेखात केलेले निदान बहुतेकांना पटले. गिटारला आता कोणी नायक उरला नाही, असे त्यांचे म्हणणे. हेंड्रिक्स गेला, क्लॅप्टन म्हातारा झाला. मग मुलांनी वाद्य हाती घ्यायचे ते कोणाकडे पाहून?

हे गाऱ्हाणे आपल्याला नवे नाही. थोर बुवा गेले, आता गाणे संपले, असे आपल्या बैठकींतही नित्य ऐकू येते. म्हणूनच परक्या मुलखातले हे प्रकरण मला आपल्या दृष्टीने तपासण्याजोगे वाटते. ग्रून यांचे निदान मला अर्धेच खरे वाटते. कलावंत दोन प्रकारे माणसाला वाद्याकडे नेतो. एक दिपवतो, दुसरा धीर देतो. दिपवणाऱ्याने ओढ लागते, यात शंका नाही. पण हात वाद्यावर पडतो तो बहुधा दुसऱ्यामुळे, आणि नेमके त्याचेच नाव आपण विसरतो.

इंग्लंडचेच उदाहरण घ्या. १९५६च्या जानेवारीत लॉनी डोनेगन या गायकाचे ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणे तेथे गाजू लागले. गाणे मूळचे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे. लेड बेली या गायकामुळे ते प्रसिद्धीस आले होते. डोनेगनच्या वादनात चमत्कार म्हणावा असे काही नव्हते. हाती साधी गिटार, आणि गिटारवाले ज्यांना कॉर्ड म्हणतात ते दोन-तीन स्वरमेळ. या संगीताला ‘स्किफल’ म्हणत. साथीला कपडे घासायची पन्हाळीदार फळी घ्यावी, चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावून खर्जाची सोय करावी, की झाले! ऐकणाऱ्या पोराला वाटले, हे तर मलाही जमेल. हे वाटणे हीच त्या गाण्याची खरी करामत.

त्याच वर्षी लिव्हरपूलच्या जॉन लेनन नावाच्या शाळकरी मुलाने स्किफलचा मेळ जमवला. त्याला सांभाळणारी मावशी म्हणे की, गिटार ठीक आहे, पण तिच्यावर पोट भरायचे नाही. (मावश्या सगळीकडे सारख्याच!) पॉल मॅकार्टनीला वडिलांनी ट्रम्पेट दिला होता. ट्रम्पेट फुंकताना गाता येत नाही, म्हणून त्याने तो देऊन गिटार घेतली. ६ जुलै १९५७ रोजी चर्चच्या एका जत्रेत या दोघांची गाठ पडली. पुढचा बीटल्सचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच १९५७ साली बर्ट वीडन या वादकाचे ‘प्ले इन अ डे’, म्हणजे ‘एका दिवसात वाजवा’, हे पुस्तक निघाले. नावात अतिशयोक्ती होती हे उघड आहे. एका दिवसात बोटांच्या टोकांना फोड येतात, संगीत येत नाही. परंतु बोट कुठे ठेवायचे, तारा कशा लावायच्या आणि पहिले गाणे कोणते धरायचे, हे त्या पुस्तकाने कसलाही तोरा न मिरवता सांगितले. एरिक क्लॅप्टन, जॉर्ज हॅरिसन, ब्रायन मे अशा वादकांनी आपला आरंभ या पुस्तकाशी जोडला आहे. म्हणजे ज्या नायकांची वाण पडल्याचा शोक २०१७ साली झाला, त्यांच्यातल्या कित्येकांना पहिला धीर देणारा माणूस नायक म्हणून फारसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

आता पुन्हा आजच्या काळाकडे येऊ. गिब्सन अडचणीत आली ती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक मालाच्या धंद्यासाठी काढलेल्या कर्जाने. गिटारींनी तिला बुडवले नव्हते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती दिवाळखोरीतून बाहेरही आली. फेंडर ही दुसरी मोठी कंपनी. नवे शिकणारे शंभरातले नव्वद पहिल्या वर्षातच गिटार सोडून देतात, असे तिचे प्रमुख अँडी मूनी सांगत असत. माझ्या मते साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका आकडा आहे. घेणारे कमी नव्हते. टिकणारे कमी होते. त्या कंपनीने २०१८ साली केलेल्या पाहणीत नव्याने शिकणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया आढळल्या. टेलर स्विफ्टमुळे मुली गिटारकडे वळतात, असेही बोलले जात होते. ती काही बोटांच्या वेगाने दिपवणारी वादक नव्हे. ती आपले गाणे स्वतः रचते आणि गिटारच्या साध्या साथीवर म्हणते. डोनेगनचाच हा वारसा!

२०२० साली महामारीने माणसे घरात कोंडली, तेव्हा फेंडरने आपले आंतरजालावरचे धडे तीन महिने फुकट दिले. मार्चमध्ये १.५ लाखांच्या घरात असलेले शिकाऊ जूनपर्यंत ९ लाखांपुढे गेले. त्या वर्षी कंपनीची विक्री तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक झाली. नवा हेंड्रिक्स अवतरला नव्हता. वेळ मिळाला आणि पहिली पायरी दाखवणारे कोणी भेटले, इतकेच.

आपल्याकडे दुसरी बाजू दिसते. अहमदाबादेत राहिलेले पंडित ब्रिजभूषण काब्रा एप्रिल २०१८ मध्ये निवर्तले. अली अकबर खाँसाहेबांच्या या शिष्याने गिटार आडवी ठेवून तीवर आलाप-जोड उभा केला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी आपल्या कितीतरी घरांत वाजली. ती ऐकून संतूर-बासरीवर जीव जडलेले पुष्कळ भेटतात. आडवी गिटार हाती घेतलेले मात्र मला फार थोडे दिसले. देबाशिष भट्टाचार्य यांच्यासारखा शिष्य काब्रांना लाभला, ही त्या विद्येची खोली. पण दाराशी घुटमळणाऱ्याला हात देणारे वीडनचे पुस्तक तिच्या वाट्याला आले नाही.

आणि हे आपल्या बडोद्याला अपरिचित नाही. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्षांच्या हाती दिली. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, पुस्तके छापली. गाणे कागदावर उतरवणे पुष्कळांच्या मते शास्त्राचा पाणउतारा होता. पण घराण्यात न जन्मलेल्या मुलालाही गाणे शिकता यावे, ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

सोप्या वाटेने उथळपणा येतो, हा आक्षेप खोटा नाही. तीन कॉर्डवर थांबणारेच अधिक असतात. स्किफल वाजवणाऱ्या हजारो पोरांतून बीटल्स एकच निघाले. पण उरलेल्यांनाही वाद्य किती कठीण असते ते बोटांनी कळले, आणि असा माणूस पुढे श्रोता म्हणून पहिल्या रांगेत बसण्याच्या लायकीचा होतो. असे श्रोते नसतील तर उद्याचा बुवा गाणार कोणापुढे?

परिचयाचे पालक मला विचारतात, ‘मुलाला गिटारचा क्लास लावू, की दोन महिन्यांत सोडील?’ मी सांगतो, क्लासची पाटी पाहू नका, मास्तरांचे दहावे बक्षीसही पाहू नका. पहिल्या आठवड्यात मूल घरी येऊन एखादी ओळ वाजवून दाखवते का, ते पाहा. आपल्या संगीत मंडळांनीही वर्षाच्या दहा मैफलींपैकी एक संध्याकाळ नवशिक्यांना आणि त्यांना पहिले धडे देणाऱ्या मास्तरांना द्यावी. बिदागी थोडी पडेल, टाळ्याही बेताच्या पडतील. पण पुढच्या नऊ मैफलींना श्रोते तेथूनच येतील.