जांभ्याची खडी आणि गिरणीचा भोंगा



गेल्या रविवारी वस्तीतील एक गृहस्थ मुलाची चित्रकलेची वही घेऊन घरी आले. म्हणाले, "दादा, पोरगा सारखा चित्रंच काढतो. यानं पोट भरणार आहे का?" मी त्यांना रामकिंकर बैज यांची हकीकत सांगितली.

रामकिंकर यांचा जन्म १९०६ साली बंगालमधील बांकुडा येथे, केशकर्तन करणाऱ्या गरीब कुटुंबात झाला. लहानपणी ते कुंभारांच्या मूर्ती बघत शिकले, नाटकाचे पडदे रंगविले, असहकाराच्या चळवळीत पुढाऱ्यांची चित्रे काढली. त्यांच्याच गावचे संपादक रामानंद चट्टोपाध्याय यांनी हा मुलगा हेरला आणि १९२५ साली त्याला शांतिनिकेतनात नेले. तेथेच ते शिकले व पुढे शिल्पकलेचे शिक्षक झाले. चित्रे, शिल्पे, नाटक, गाणे या सर्वांत त्यांना गती होती.

ब्राँझला पैसा नव्हता. म्हणून ते रडत बसले नाहीत. जांभ्याची खडी आणि सिमेंट कालवून १९३८ साली त्यांनी 'संथाळ कुटुंब' उभे केले. कामाच्या शोधात निघालेले आईबाप, कावडीच्या टोपलीत मूल, सोबत कुत्रा. जेथे राजेमहाराजांचे पुतळे असावयाचे, त्या मानाने त्यांनी मजुराला उभे केले! १९५६ च्या 'मिल कॉल'मध्ये भाताच्या गिरणीचा भोंगा ऐकून दोन संथाळ स्त्रिया धावत आहेत, ओली लुगडी धावता धावताच वाऱ्यावर वाळत आहेत. भोंग्यावर आयुष्य काढलेल्या आपल्या घरांना ही घाई समजावून सांगावी लागत नाही. तथागतांना खीर देणारी सुजाताही त्यांनी १९३५ साली घडविली.

१९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८० साली ते गेले. राहणी अखेरपर्यंत साधीच होती.

त्या गृहस्थांना मी म्हणालो, "भाऊ, पोट भरेलच अशी हमी मी देत नाही. रामकिंकरांचेही पोट शिक्षकाच्या नोकरीवर चालले. पोराची शाळा सुटू देऊ नका, पण वहीही हिसकावू नका."

बंधूंनो, सामानाची उणीव खडीने भरून निघाली. रामानंदबाबूंची उणीव मात्र कशानेही निघाली नसती. आपल्या वस्तीत अशी वही कोणाकडे आहे, ती उघडून बघणारा कोणी आहे काय? नसेल, तर आपणच बघू या.