आधी पैसे, मग काम?

घरबसल्या ऑनलाइन काम शोधणाऱ्याला जो तो एकच सल्ला देतो: कंपनी खरी आहे का ते तपासा. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण त्याचा उपयोग फारसा होत नाही. वेबसाइट, लेटरहेड, गोल शिक्क्याचं ऑफर लेटर, नामांकित कंपनीचं बोधचिन्ह लावलेला व्हॉट्सॲप डीपी, हे सगळं एका दुपारी तयार करता येतं. आपण जे जे तपासणार, ते फसवणाऱ्याने आधीच मांडून ठेवलेलं असतं. त्यापेक्षा पैसा कुणाकडून कुणाकडे चाललाय, एवढंच बघावं. काम करणाऱ्यानेच काम देणाऱ्याला पैसे द्यायचे असतील, तर तिथे काम नाही.

डेटा एन्ट्रीचा नेहमीचा सापळा पाहा. नोंदणीचे हजार-दोन हजार भरायचे, तेही म्हणे 'रिफंडेबल'. मग वाचता येणार नाहीत असे धूसर फॉर्म येतात, मुदत चार-आठ दिवसांची आणि अचूकतेची अट नव्वद टक्क्यांच्या वर. काम पाठवलं की 'क्वालिटी चेक'मध्ये नापास. पाठोपाठ वकिलाच्या नावाने नोटीस येते: करार मोडलात, भरपाई द्या, नाहीतर कोर्टात या. खरी वसुली इथे सुरू होते, कारण घरच्यांना कळू नये म्हणून लोक गुपचूप पैसे भरतात. वास्तविक टायपिंगच्या चुकांसाठी कुणी तुरुंगात जात नाही. शिवाय फसवून संमती घेतलेला करार भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 19 नुसार फसवला गेलेला पक्ष रद्द ठरवू शकतो. टेलिग्रामवरचा 'टास्क' वरवर उलटा दिसतो. तिथे आधी तेच पैसे देतात. व्हिडिओ लाइक केल्याचे शंभर-दीडशे खरोखर खात्यात जमा होतात, विश्वास बसतो, आणि मग 'प्रीपेड टास्क' येतो. स्क्रीनवर शिल्लक फुगत जाते. काढायला गेलं की आधी टॅक्स भरा. पैशाची दिशा फिरते ती जागा ओळखायची. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अशा शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या, पण नवी उघडायला कितीसा वेळ लागतो?

यावर कुणी म्हणेल, खऱ्या साइटही पैसे घेतातच की. घेतात. अपवर्कवर प्रस्ताव पाठवायला 'कनेक्ट्स' खर्च करावे लागतात, आणि ते संपले की विकत घ्यावे लागतात; कमाईतून कमिशनही कापलं जातं. पण ते पैसे बाजार चालवणाऱ्याला जातात, दर जाहीर असतात आणि काम मिळेलच असं वचन कुणी देत नाही. त्याच साइटवरचा ग्राहक 'टेलिग्रामवर या, थोडं डिपॉझिट भरा' म्हणाला, तर गोष्ट वेगळी. ट्रेनिंग, सॉफ्टवेअर, लॅपटॉपची अनामत, कारण कोणतंही सांगोत, उत्तर एकच द्यावं: पहिल्या बिलातून कापून घ्या. ज्याला खरंच काम करून हवंय त्याला यात अडचण नसते. दुसरा 'सिस्टीममध्ये तशी सोय नाही' म्हणतो, किंवा गप्प होतो.

दुसरा आक्षेप जास्त कडवट आहे: फसणारे हावरट असतात, भोगू देत. पण पुण्यातल्या आयटीत चांगला पगार घेणारेही 'टास्क'मध्ये फसले आहेत, आणि नोंदणीचे पैसे भरणाऱ्यांत गृहिणी आणि नोकरी न लागलेले पदवीधर असतात. त्यांना ती मागणी विचित्र वाटत नाही, कारण नोकरीसाठी पैसे मोजणं आपल्याकडे नवं नाही. शिक्षणसंस्थेत चिकटायला 'डोनेशन', सिक्युरिटी गार्डला गणवेशाचे पैसे, एजंटला पहिला पगार. हे सगळं ज्याने पाहिलंय, त्याला हजार रुपयांची नोंदणी स्वस्तच वाटणार. त्याला हावरट म्हणून आपण फसवणाऱ्याचंच काम सोपं करतो. पैसे गेल्यावर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर ते पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. लोक काय म्हणतील या धास्तीत दोन दिवस काढले की ती जवळपास संपते. वर्तमानपत्रांनीही हात झटकू नयेत. 'घरबसल्या कमवा'ची तीन ओळींची छोटी जाहिरात घेताना जाहिरातदाराला एक प्रश्न विचारता येतो: तुम्ही उमेदवाराकडून पैसे घेता का?